सरांचा संप

"किती वाजले, सर?" असं विचारलं तर ते घड्याळाकडे बघायचे नाहीत. आधी उलट विचारायचे, "कुणाचे?"

आता ज्याची नोकरीच मुळी लोकांच्या वेळा मांडण्याची, त्याने असं विचारायचं म्हणजे काय म्हणावं! नव्वदच्या दशकातली गोष्ट. मस्कतच्या बाहेर माबेल्याला आमच्या बांधकाम कंपनीचा कॅम्प होता. मी तिथे ड्राफ्ट्समन, हे टाइमकीपर, आणि आमची खोली एकच. कोण कधी कामावर आलं, कधी सुटलं, हे सगळं त्यांच्याकडे. पण त्याआधी महाडकडच्या एका कॉलेजात ते इतिहास शिकवत. तात्पुरते. हे तात्पुरतेपण इतकं टिकलं, की त्यांच्यामागून आलेले कायम झाले आणि हे होते तसेच राहिले. शेवटी मुलीच्या शिक्षणापायी त्यांनी ओमान गाठलं. कॅम्पमध्ये सगळे त्यांना सरच म्हणत. मॅनेजर म्हणे, मेसमधला मल्याळी आचारी म्हणे, आणि आमचे ओमानी मालक, ज्यांना सगळा कॅम्प अर्बाब म्हणायचा, तेही म्हणत.

तर, "कुणाचे?" म्हटलं की पुढे गोष्ट यायचीच. अमेरिकेत एके काळी प्रत्येक गावाचे बारा वेगळे होते. सूर्य आपापल्या डोक्यावर आला की आपापले बारा. मग रेल्वे आली. गावागणिक वेगळे बारा म्हटल्यावर गाड्यांचं वेळापत्रक लावणार कसं? तेव्हा रेल्वेवाले एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं, आम्ही सांगू तेव्हा बारा. "सरकारला विचारलं नाही. सूर्याला तर नाहीच नाही!" हे सांगताना सरांचा चेहरा असा व्हायचा, की जणू त्यांच्याच घरातलं घड्याळ कुणी उचलून नेलंय. आमच्या हिशेबखात्यात एक ओमानी म्हातारे होते. त्यांचं बालपण झांजिबारमध्ये गेलेलं, त्यामुळे तिकडच्या रिवाजाने ते सूर्य उगवल्यापासून तास मोजायचे. आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दोन. हे कळल्यावर सर मुद्दाम जाऊन त्यांचा हात हातात घेऊन आले. "रेल्वेच्या तावडीतून सुटलेला एक तरी माणूस भेटला," म्हणाले. म्हाताऱ्यांना काही उमगलं नाही, पण त्यांनी मूठभर खजूर दिला.

सरांचा विषय हा असा एकच. शंभर वर्षांपूर्वीची अमेरिका. रेल्वेचे राजे, पोलादाचे राजे, तेलाचे राजे, त्यांच्या कारखान्यांत अंधारात शिरून अंधारातच बाहेर पडणारी माणसं, त्यांचे संप, आठ तासांच्या दिवसासाठी त्यांनी मांडलेला उच्छाद. यावर सरांचा प्रबंध चालू होता आणि तोही नोकरीसारखाच लोंबकळला. अमेरिका त्यांनी पाहिली नव्हती, पाहायची इच्छाही नव्हती. "आताच्या अमेरिकेत माझं कोण आहे?" म्हणायचे. पण इथली कुठलीही गोष्ट ते तिथे नेऊन पोचवत. मेसमध्ये आमटी पातळ झाली, की तिकडच्या कत्तलखान्यांतले मजूर काय खायचे इथून सुरुवात व्हायची आणि आमची ती पातळ आमटीही खाली उतरत नसे.

पुढे काही वर्षांनी मी बायको-मुलीला आणलं आणि माबेल्यातच स्वस्तातलं घर घेतलं. सर अधूनमधून जेवायला यायचे. मुलगी इंडियन स्कूलमध्ये, तिचं मराठी अडखळत चालणारं. तिने एकदा विचारलं, "काका, तुम्ही अमेरिकेला कधी होते?" सरांनी भाकरी मोडत शांतपणे उत्तर दिलं, "अठराशे नव्वदच्या सुमारास." तिने ते वर्गात जाऊन सांगितलं. तिच्या बाईंनी आम्हाला भेटायला बोलावलं होतं.

कॅम्पच्या फाटकाशी एक दुकान होतं. साबण, बिस्किटं, ब्लेड, असलं. सर तिथे काडेपेटीसुद्धा घेत नसत. कारण अमेरिकेतल्या खाणमालकांची अशीच दुकानं असत म्हणे. एका हाताने पगार द्यायचा आणि दुकानातून दुसऱ्या हाताने काढून घ्यायचा. म्हणून सर भर उन्हात तत्त्वाची छत्री धरून हायवेपलीकडच्या दुकानात जायचे. वर्षभराने कळलं, की दोन्ही दुकानांचा मालक एकच. मला वाटलं, आता हे खचणार. कसले खचतायत! घामाने निथळत खोलीवर आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "अहो, ट्रस्ट! हा ट्रस्ट आहे! पुस्तकात वाचला होता, आज प्रत्यक्ष पाहिला!" आपल्याकडे ट्रस्ट म्हटलं की देवळाचा, नाहीतर शाळेचा. तिथे म्हणे एका धंद्यातली सगळी दुकानं, सगळे कारखाने एकाच मुठीत गेले, की त्याला ट्रस्ट म्हणत. जुना मित्र भेटावा तसे सर खुशीत होते. दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी साबण घेऊ लागले. "लुबाडले जायचंच आहे, तर निदान जवळून," म्हणाले.

गाडी चालवण्याचं लायसन्स त्यांना कधी मिळालं नाही. ओमानात त्यासाठी आधी 'ड्रम' पास व्हावं लागे, म्हणजे उभ्या केलेल्या पिंपांमधून गाडी उलटी नेऊन लावायची. सर दर वेळी पिंप पाडत. "या देशात रेल्वे नाही, हीच अडचण आहे," असं पोलिसालाच समजावून आले होते. त्यामुळे त्यांना कुठे जायचं असलं की सारथी मी.

शुक्रवारी सुटी. दुपारचं जेवण झालं की मेसमध्ये सरांचं व्याख्यान. कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही. श्रोते म्हणजे आपले रत्नागिरी-रायगडचे गवंडी, सुतार, प्लंबर. निम्मे मुसलमान, निम्मे हिंदू, आणि सगळे पेंगुळलेले. कॅम्पमधला सगळ्यात थंड एसी मेसमध्ये होता, गर्दीचं खरं कारण तेच. सरांना हे सांगायचं धाडस मला कधी झालं नाही. पुढे पत्त्यांचा डाव, मागे घोरणं, आणि मधोमध सर, टेबलावर हात आपटत, "आणि बंधूंनो, तेव्हा गव्हर्नरने सैन्य बोलावलं!" पत्ता टाकता टाकता कुणीतरी म्हणायचं, "अरे बाप रे." तेवढ्यावर सर पुढचा आठवडा काढायचे.

"सर, तुम्ही स्वतः कधी संप केलात का?" मी एकदा विचारलं.

"छे छे. मी संपाचा अभ्यासक आहे, संपकरी नव्हे," ते म्हणाले. "नोकरी तात्पुरती असली की माणूस अभ्यासकच होतो." आणि उशी सारखी करून झोपले.

बायको-मुलगी यायच्या आधी, मी अजून सरांच्याच खोलीत होतो तेव्हा, एका उन्हाळ्यात इब्रीच्या शाखेतून नवा मॅनेजर आला. आपलाच, हिंदुस्थानी. नवा गडी, नवं राज्य. तोवर ऊन चढलं की साइटवरचं काम थांबायचं. माणसं कॅम्पवर येऊन जेवायची, घटकाभर पडायची आणि ऊन उतरल्यावर पुन्हा जायची. याने ती दुपारची सुटी काढूनच टाकली. जेवण साइटवर, उभ्या उभ्या, आणि लगेच काम. भर जूनमध्ये दुपारचा लोखंडी गज ज्याने हातात धरला नाही त्याला हे कागदावर झकासच दिसणार. आठवडाभरात एक सुतार चक्कर येऊन शिडीवरून पडला. नशीब, खाली वाळूचा ढीग होता. त्या शुक्रवारी सरांनी टेबल इतकं बडवलं, की पत्तेवालेसुद्धा डाव थांबवून बघू लागले.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सर खोलीत आले ते पांढरेफटक पडून. आधी दार लावलं, मग कडी घातली.

"शनिवारी संप," ते कुजबुजले.

मोरीवर तोंड धुताना त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आमचा प्लंबर रज्जाक, दापोलीकडचा, दहाबारा जणांना घोळक्यात सांगत होता, "शनवारी सकाली संप हाय. कामावर जायच्या आदी सगल्यांनी यायचा. कुनी टांग मारायची नाय. आनि अर्बाबला कलायच्या आत खलास करायचा."

माझी पाचावर धारण बसली. परक्या देशात आलेल्या मजुराने तिथे संप करायचा म्हणजे व्हिसा कॅन्सल, बॅग भरा आणि चला विमानतळावर. एकेकाच्या मागे घरी पाच-सहा तोंडं. सर खोलीत येरझाऱ्या घालत होते. "माझ्यामुळे झालं हे. दर शुक्रवारी मीच तेल ओतत होतो." मग एकदम थांबले, माझ्याकडे वळले आणि अगदी हळू म्हणाले, "पण काय हो... म्हणजे ऐकत होते!"

त्यांचा तो चेहरा मला आजही दिसतो. अर्धा भेदरलेला, अर्धा पहिला नंबर आलेल्या पोरासारखा. "महाडला इतकी वर्षं शिकवलं. पालथ्या घड्यावर पाणी. एक पोरगं कधी पेटलं नाही," ते म्हणाले, आणि लगेच स्वतःच स्वतःला दटावलं, "पण हे थांबवलं पाहिजे. मागणी आधीच मान्य झाली तर संपाचं कारणच उरत नाही. कुणीतरी अर्बाबशी बोललं पाहिजे. संपाचा शब्द न काढता."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

ते खुंटीवरून आपला एकुलता एक कोट काढत होते. त्यांचा करार पुढच्या महिन्यात संपत होता. तो पुन्हा करायचा की नाही, हे अर्बाबांच्या हातात, आणि मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. मी याची आठवण करून दिली. "माहीत आहे," म्हणाले आणि कोटाची धूळ झटकली.

शुक्रवारी अर्बाब खाबुऱ्याच्या आपल्या शेतावर असत. मी गाडी काढली. बातिनाचा किनारा धरून बरका, सुवैक, एकामागून एक गोल चौक मागे पडत होते आणि सर भाषणाची हिंदी जुळवत होते. माझ्या गाडीचा एसी बंद पडलेला. तरी त्यांनी कोट काढला नाही.

अर्बाब लिंबाच्या झाडांखाली चटईवर बसले होते. "आओ सर, तफद्दल, बैठो," म्हणाले. खजूर आला, कॉफी आली. मी बसलो. सर उभेच राहिले आणि त्यांनी सुरुवात केली, "अर्बाब, अमेरिका में एक आदमी था."

त्या आदमीने म्हणे मजुरांसाठी अख्खं गाव बांधलं होतं. घरं त्याची, बाग त्याची, दुकान त्याचं, वाचनालय त्याचं. तो स्वतःला सगळ्यांचा बाप समजायचा. मग धंदा बसला. त्याने पगार कापला, घरभाडं मात्र तेवढंच ठेवलं, आणि मुलं जगतात कशी हे बापाने विचारलं नाही. "फिर क्या हुआ? फिर हडताल हुआ!" सर तारस्वरात म्हणाले. संपाचा शब्द काढायचा नाही असं ठरलेलं. पण गाडी घाटात सुटल्यावर ब्रेक कोण लावणार?

अर्बाबांचा कप तोंडाशी थांबला. "हडताल? मेरे कॅम्प में?"

"नहीं, नहीं! अमेरिका में!"

"कब?"

"सौ साल पहले."

"अच्छा." अर्बाबांनी घोट घेतला. विचार करून म्हणाले, "उधर गरमी कितना था?"

इथे दुसरा कुणीही थाप मारून मोकळा झाला असता. पण इतिहासाच्या बाबतीत खोटं बोलणं सरांच्याने झालं नसतं. "जी... उधर तो जादा करके ठंडी," ते म्हणाले.

"फिर मेरे पास कायको आया?"

सरांचं सगळं भाषण तिथेच आटलं. ते मटकन चटईवर बसले. मग साध्या आवाजात, मान खाली घालून, त्यांनी दुपारच्या सुटीचं सांगितलं आणि शिडीवरून पडलेल्या सुताराचं सांगितलं. शेवटी म्हणाले, "आदमी लोग कुछ नहीं बोला, अर्बाब. मैं बोलता है. किसी को वापस भेजना है तो मेरे को भेजो."

माझ्या तोंडातला खजूर तोंडातच राहिला. ज्याच्याबरोबर इतके दिवस मी एका खोलीत घोरत होतो, हसत होतो, तो माणूस मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसला, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला. भीतीही तेवढीच वाटली.

अर्बाबांनी कप खाली ठेवला. तरुणपणी, ओमानात काहीच नव्हतं तेव्हा, तेही पोटासाठी बाहेर पडले होते. "कुवेत में हम सिमेंट उठाया," ते म्हणाले. "दोपहर को ट्रक के नीचे सोता था. ट्रक गया तो छाया भी गया." सुटी बंद झाल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. उठून आत गेले. फोनवर मॅनेजरची अरबीत आणि हिंदीत अशी काही पूजा बांधली, की आम्हाला बाहेर 'खलास' तेवढं कळत होतं. बाहेर येऊन म्हणाले, "कल से पहले जैसा. और सर, तुमको भेजेगा तो ये किस्सा मेरे को कौन बताएगा? वो गाँव का आगे क्या हुआ?"

मग काय, ऊन कलेपर्यंत आम्ही तिथेच. करारही पुढच्या महिन्यात नवा झाला.

शनिवारी भल्या सकाळी सर पुन्हा कोट घालून तयार. कॅम्पच्या मागच्या अंगणात रज्जाक आणि त्याची फौज जमलेली होती. सरांनी रंगाचं एक रिकामं पिंप पालथं घातलं, माझा खांदा धरून त्यावर चढले आणि दोन्ही हात वर केले.

"बंधूंनो! तुमची मागणी मान्य झाली आहे! दुपारची सुटी आजपासून पूर्ववत! आता माझी तुम्हाला एकच विनंती आहे. संप मागे घ्या!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी रज्जाक पुढे झाला.

"मागं? मागं कसा घेनार, सर? संप तर जमिनीत हाय."

"जमिनीत?"

"ह्यो काय, तुमच्या पायाशी." त्याने काँक्रीटचं झाकण दाखवलं. तेव्हा कुठे माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. झाडू, बादल्या, तारेचे ब्रश. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीला आपण टाकीच म्हणतो, नकाशातही मी 'टँक' लिहायचो; पण तेलुगू आणि तमिळ फोरमन तिला इंग्रजीतला 'संप' म्हणत, आणि त्यांच्या हाताखाली राहून आपली कोकणातली माणसंही संपच म्हणू लागली होती. रज्जाकने झाकण उघडं टाकलं होतं, आत कबुतर पडून मेलं, आणि अर्बाबला पत्ता लागायच्या आत त्याला टाकी घासून मोकळं व्हायचं होतं.

असा हशा पिकला, की मेसमधला आचारी पळी घेऊन बाहेर आला. मीही हसलो, पोट धरून हसलो. खाबुऱ्याला काय घडलं ते हसत हसतच मी सगळ्यांना सांगून टाकलं. सर मात्र पिंपावर तसेच उभे.

"म्हणजे संप नव्हताच?"

"नाय, सर."

"विचारसुद्धा नव्हता?"

"नाय वो."

ते जपून खाली उतरले. "म्हणजे कुणी ऐकतच नव्हतं," म्हणाले. स्वतःशीच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं, आणि हसणं बंद पडलं. मला इतकं वाईट वाटलं, की जमिनीत गडप व्हावं.

"ऐकत नव्हतो कशाला?" रज्जाक चक्क चिडला. "ऐकला म्हनून तर संप केला नाय! तुमच्या गोष्टीत दर टायमाला संपवाले मार खातात. रेल्वेवाल्यांनी केला, सैन्य आला, हरले. त्या गाववाल्यांनी केला, ते पन हरले. पोलादवाल्यांनी केला..."

"त्यांच्यावर भाड्याचे शिपाय आनले, होडीतून," मागून एक जण म्हणाला. दर शुक्रवारी भिंतीला टेकून घोरणारा तो हाच.

"नदीतून," सरांनी सवयीने दुरुस्त केलं.

"नदीतनंच की! होडी काय रस्त्यावरनं येल?"

"मग आमी काय खुले हाव, संप करायला?" रज्जाकने विचारलं.

सर एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ओठ हसू आवरत होते. मग त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला. बूट काढले, मोजे बुटांत खोचले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि झाकणाजवळची शिडी धरली.

"सर, तुमी कशाला? घान हाय आत."

"सरक बाजूला," सर म्हणाले. "जन्मभर नुसता अभ्यास केला. आज मला संपात उतरू दे."

आणि उतरले. आत पोटरीभर चिखल होता. खालून त्यांचा आवाज घुमत वर यायला लागला, "पण बंधूंनो, हरले हे अर्धंच खरं आहे. आठ तासांचा दिवस शेवटी मिळालाच की नाही?"

झाकणाभोवती सगळे वाकले होते. रज्जाकने तोंड आत घालून विचारलं, "कसा मिलाला, सर?"

सरांच्या व्याख्यानात कुणी प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"सांगतो," सर म्हणाले. "आधी तो ब्रश द्या खाली."